काळा बो

सत्यवान परदेशी जाणाऱ्या आगबोटीवर साहेबलोकांना जेवण वाढायचा, आणि त्यासाठी रोज संध्याकाळी गळ्यात काळा बो बांधावा लागायचा. या खेपेला रजेवर तोंडवलीला येताना त्याने तो बो आणि गाठीची चित्रं छापलेला कागद बरोबर आणला.

"माका जमणा नाय. बोटीर गुरुदास बांधून देता," तो बायकोला म्हणाला. "तू शीक आणि माका शिकय."

घर माणसांनी भरलेलं. दिवसाउजेडी नवऱ्याजवळ उभं राहायची जानकीला कधी सोय नव्हती. पण हे कामच होतं, त्यामुळे कोणी काही म्हणेना. आबोलीच्या वेण्या गुंफणारे तिचे हात लगेच सरावले. सत्यवान मात्र रोज दुपारी कॉलर वर करून तिच्यासमोर उभा.

"परत दाखय गो. इसारलंय."

"खुळो खंयचो!" सासू ओटीवरून म्हणायची.

निघायच्या दिवशी गुरुदास त्याला न्यायला आला, तेव्हाही जानकी बो बांधतच होती.

"बोटीर परत तुमकाच बांधूचो लागतलो, भावजी. ह्यांका काय जमाक नाय."

गुरुदास हसला. "मी बांधतंय? वयनी, आमच्या सगळ्यांच्या गळ्यात ह्योच बांधता!"

सत्यवानने मान खाली घातली. जानकीची बोटं क्षणभर थांबली.

"वायच थांबा, भावजी. नीट बसाक नाय," ती म्हणाली, आणि चांगली बसलेली गाठ सोडून तिने पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.