आलमारीमागच्या रेषा

एकतीस डिसेंबरला आम्ही घरातली अडगळ काढायला घेतली. बाळासाठी नऊ वर्षं जपून ठेवलेले लोकरीचे स्वेटर मी थोड्या वेळापूर्वीच भांडेवालीला दिले आणि बदल्यात स्टीलचा डबा घेतला. आता वाट पाहायची नाही, असं आमचं ठरलं होतं.

मग माझ्या नवऱ्यानं, संघपालनं, आणि मी बेडरूममधली आलमारी सरकवली. कोरा फ्लॅट घेतला त्या दिवसापासून ती तिथंच होती.

मागच्या भिंतीवर पेन्सिलच्या रेषा होत्या, मुलांची उंची मोजताना ओढतात तशा. सगळ्यात खालची माझ्या मांडीपर्यंत, सगळ्यात वरची खांद्यापर्यंत.

"आपल्या पहिले इथं कोणी राहत नव्हतं न वं?" संघपालनं हळूच विचारलं.

मी वाकून तारखा वाचल्या. सगळ्यात खालची तारीख यायला अजून दोन वर्षं होती. अक्षर माझंच होतं. माझ्या नऊची शेपटी अशीच लांब जाते.

फक्त वरच्या रेषेजवळ वाकड्यातिकड्या, अनोळखी अक्षरात लिहिलं होतं, 'आई, ही मी काढली.'

खालच्या गल्लीतून भांडेवालीची हाक अजून ऐकू येत होती. मी डबा उचलला आणि अनवाणीच जिना उतरले.