मचाणावरचा टेडी

नवऱ्याने चौदा फेब्रुवारीला आणलेला भलामोठा लाल टेडी छातीशी धरून अंबिकाने फोटो काढला आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. पाठोपाठ चौघींचे फोटो आले. सगळ्यांच्या कुशीत तोच टेडी, त्याच्या पोटावर तोच बदाम! दुकानदाराने गावातल्या सगळ्या नवऱ्यांना एकच प्रेम विकलं होतं. तिचा हुरूपच गेला.

दुसऱ्या दिवशी ज्वारीची पाखरं राखायला निघताना तिने टेडीला काखोटीला मारलं. शेतातल्या मचाणावर त्याला पाठमोरा बसवून डोक्याला आपला स्कार्फ बांधला. एक पाखरू फिरकेना! मग ती खुशाल बाभळीखाली बोरं खात बसली.

दुपारी नवरा भाकरी घेऊन आला आणि बांधावरूनच मचाणाकडे बघत म्हणाला, “रागावलीस ना? मला नाही गं कळत असल्या वस्तूंतलं. पण तू आल्यापासून शेतातनं घरी पळत यावंसं वाटतं, देवाशपथ.”

टेडी गप्पच.

बाभळीमागे अंबिकाने हसू दाबायला तोंडात पदराचा बोळा कोंबला. हाक मारायची तिने घाई केली नाही. लग्नाला वर्ष होत आलं होतं. गडी आज पहिल्यांदाच बोलत होता, आणि अजून थांबला नव्हता.