सख्खी मावशी

कडकोळला हर्षनं उदबत्तीच्या खोक्यांचा नवा कारखाना काढला, तेव्हा मी नेमणुकीचं पत्र मागितलं, विम्याचंही विचारलं. तो हसला. "अय्यो मावशी, घरच्या माणसाला कसलं पत्र?" पूजेच्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्या पायाही पडला.

परवा पुठ्ठा कापायच्या मशीनमध्ये माझी दोन बोटं गेली. दवाखान्यात कामगार खात्याचे साहेब चौकशीला आले.

"या कामगार नाहीत, साहेब," हर्ष म्हणाला. "माझ्या सख्ख्या मावशी. कारखाना बघायला आल्या आणि मशीनला हात लावून बसल्या." असं म्हणत तो माझ्या कपाळावरून हात फिरवू लागला.

मला शिसारी आली. चांगल्या हातानं मी त्याचा हात झटकला.

"साहेब, याला त्याच्या मावशीचं नाव विचारा."