मूठभर मीठ

"इथं लहान मुलांना प्रवेश नाही," हॉटेलच्या मालकीणबाईंनी पाटीवर बोट ठेवलं. अशी हॉटेलं युरोपात वाढत चालली आहेत, हे मला ठाऊक होतं. बुक करताना गरम पाणी, किटली, चादरी, सगळ्याबद्दलचे अभिप्राय वाचले. नेमकी तेवढीच ओळ राहिली. ऑस्ट्रियातलं तळ्याकाठचं ते गाव पर्यटकांनी भरलेलं, दुसरीकडे खोली नाही आणि खांद्यावर दीड वर्षांची शर्वी रडून रडून लाल झालेली.

बाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

"बघतेय कशी! दृष्ट लावेल पोरीला," म्हणत सासूबाईंनी टेबलावरचं मीठ मुठीत ओतलं आणि शर्वीवरून ओवाळायला लागल्या.

"आई, इथं नको हो!"

हे काय, असं बाईंनी विचारलंच. मी ओशाळून इंग्रजीत म्हटलं, "बाळाला कुणाची वाईट नजर लागू नये म्हणून."

त्यांनी मोबाइलवर एक फोटो शोधला. मग त्यांनी मोबाइल पुढे केला. काचेच्या पेटीत, नळ्या लावलेलं इवलंसं बाळ. "माझी नात. दोन महिने आधीच आली. हिच्यासाठीही कराल?"

मी मराठीत सांगताच सासूबाईंनी हातातलं मीठ कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये सोडलं. "एकीचं दुसरीला चालत नाही," म्हणत नवं घेतलं. "नाव काय गं हिचं?"

मी विचारून सांगितलं, "लेना."

"आल्यागेल्याची दृष्ट निघू दे, आमची लेना घरी येऊ दे," म्हणत सासूबाईंनी फोटोवरून मीठ ओवाळलं.

बाईंनी किल्ली माझ्याकडे सरकवली.

"शर्वी रात्री रडली तर?" मी विचारलं.

"रडू दे," त्या म्हणाल्या. "आमची अजून रडलेलीच नाही."