बाहेरचा नॉब

तिने चूक दाखवली की त्याचं उत्तर ठरलेलं: "असं कोण करतं?" प्रोग्रॅम लिहायचा तो आणि वाट्टेल तसा वापरून तपासायची ती, टेस्टर, घरी दोघं नवरा-बायको. आज ऑफिसात सगळ्यांसमोर त्याने तेच ऐकवलं आणि हशा पिकला. घरच्या बाल्कनीचं दार जोरात लागलं की बाहेरचा नॉब नुसताच गरगर फिरतो, हे तिने कितीदा तरी त्याच्या कानावर घातलं होतं. परवा कपडे वाळत घालताना ती स्वतःच उन्हात अडकली, तेव्हाही साहेबांनी आतून दार उघडत विचारलं, "इतकं जोरात दार लावतं कोण?" आता बाल्कनीत उभा राहून तो मित्राला फोनवर ऑफिसातला किस्सा तिखटमीठ लावून सांगत होता. तिने दार दाणकन लावलं. नॉब गरगरला, काचेवर थापा पडल्या. "अगं, असं कोण करतं?" "मी," म्हणत तिने पडदा ओढला.