चार पाचरी

सुतारखान्याच्या मालकीणबाईंनी मूठ उघडली आणि चार लाकडी पाचरी रंध्याशेजारी ठेवल्या. बोटाएवढ्या, घासून गुळगुळीत केलेल्या. सुतारानं त्या लगेच ओळखल्या. त्याच्याच हातच्या होत्या.

"गिऱ्हाइकाच्या सासूबाईंनी उपटल्या," बाई म्हणाल्या. "कपाटातून काहीतरी बाहेर आलंय, दिसायला बरं नाही, म्हणून. चौथी निघाली आणि कपाटानं कपबशांसकट लोळण घेतली."

आज सुताराचे उमेदवारीचे तीन महिने भरत होते. बाईंनी कायम कामाचा कागद दिला, तरच भाड्याची खोली त्याच्या नावावर राहणार होती. नाहीतर बायको आणि लेकीला घेऊन पुन्हा निर्वासितांच्या छावणीत.

"खिळा नाही, सरस नाही. असं कुठं कपाट असतं का?"

"आमच्याकडे असंच असतं, बाई. पाचरी काढल्या की पाव तासात सगळ्या फळ्या गाडीवर. कधी निघावं लागेल, नेम नसतो."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मग तुमचं कपाट आणलंत इकडे?"

"आजोबांनी त्यांच्या वेळी गाडीवर घालून नेलं होतं." तो एक पाचर बोटांत फिरवत राहिला. "माझ्या वेळी पाव तास मिळाला नाही."

परत आलेल्या फळ्या भिंतीशी टेकवून ठेवल्या होत्या, तिकडे बाईंनी बोट दाखवलं आणि सरसाचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"माझ्यासमोर जोडा. दाबून धरायचं, आणि वाळेपर्यंत हलायचं नाही."

वीस वर्षं लाकडात काढलेला माणूस, पण सरस लावताना पार नवशिका झाला. बोटं एकमेकांना चिकटली, बाह्या बरबटल्या. बाईंना हसू आवरेना. संध्याकाळी कपाट उभं राहिलं. बाईंनी ते चारी बाजूंनी ढकलून पाहिलं, कागदावर सही केली आणि उरलेला सरस त्याच्या हातात दिला.

"घरी सराव करा."

रविवारी दुपारी त्यानं लेकीचा पलंग आडवा केला. तोही पाचरींवरच उभा होता. तीन कोपरे त्यानं सरस लावून बसवले. चौथ्यापाशी ब्रश थांबला.

"आता काय झालं?" बायकोनं विचारलं.

"हा एक राहू दे सुटा. न जाणो."

"तीन कोपरे पक्के झाले की! उद्या निघायची वेळ आली तर पलंग काय पाठीवर घेऊन पळणार आहात?"

त्याला भीती वाटत होती, आणि ती तिला दिसत होती.

तिनं त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला, चौथा कोपरा स्वतःच माखला आणि पलंगाचा पाय खाचेत बसवून दोन्ही हातांनी दाबला. मग त्यानंही तिच्या हातांवर हात ठेवून जोर दिला.

"किती वेळ असं?"

"बाई म्हणाल्या, वाळेपर्यंत हलायचं नाही."

"मग नाही हलायचं," ती म्हणाली, आणि हात न सोडता तिथंच फरशीवर मांडी ठोकून बसली.