बाबांचं इंजिन

समुद्रतळावर बसवलेल्या यंत्रांनी टिपलेले आवाज जयवंती गस्तीच्या कार्यालयात हेडफोन लावून ऐकत होती. माशांच्या विणीसाठी राखलेल्या पाण्यात कुणीतरी जाळं ओढत होतं. एरवी संगणक इंजिनाच्या आवाजावरून होडी ओळखायचा. आज पडद्यावर ‘अनोळखी’ उमटलं. जयवंतीनं मात्र तो आवाज ओळखला. मध्येच अडखळणारी ही धडधड ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. दादानं आपल्या होडीला बाबांचं जुनं इंजिन बसवलं होतं.

तिनं त्याला फोन लावला. “दादा, माघारी फिर.”

“मशीननं ओळखलं?”

“नाही. मी ओळखलं.”

“मग गप्प राहा ना गं बाय!”

फोन बंद झाला, धडधड चालूच राहिली. जयवंती दोनदा खुर्चीतून उठली, दोनदा बसली. शेवटी तिनं ‘अनोळखी’ खोडून भावाचं नाव लिहिलं.

गस्तीची बोट सुटली. तिनं हेडफोन काढले नाहीत. बाबांचं इंजिन बंद होईपर्यंत ती ऐकत राहिली.